नोंद : भूमिकाप्रधान खेळ

२ जून

चि. शंकेखोर हिस,
अनेक आशीर्वाद.

कोशाच्या पुरवणी खंडासाठी मंडळाने माझ्याकडे सोपवलेल्या शेवटच्या नोंदीचा विषय वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला : 'रोल-प्लेइंग गेम. व्हिडिओ गेमचा एक प्रकार.' चौतीस वर्षे तत्त्वज्ञान आणि वनस्पतिशास्त्र यांच्या नोंदी संपादित केल्यावर ही वेळ आली. मी सचिवबाईंना विचारले, की यासाठी दुसरे कोणी मिळाले नाही काय. त्या म्हणाल्या, "सर, तुमची भाचीच तर असे गेम करते. म्हणजे घरचंच आहे की!" तू करतेस त्याला मी आजवर काय म्हणत आलो, हे त्यांना ठाऊक नसावे.

असो. मराठी नाव मी 'भूमिकाप्रधान खेळ' असे योजले आहे. व्याख्याही तयार आहे : 'ज्या व्हिडिओ गेममध्ये खेळाडू एखाद्या काल्पनिक पात्राची भूमिका स्वीकारतो, तो.' तुझ्याकडून केवळ दुजोरा हवा.

नोंद पंधरा सप्टेंबरला छपाईस जाईल. त्याच दिवशी सातव्या खंडाचे पुनर्मुद्रणही जाणार आहे. अळंबीची चित्रे या वेळी आपापल्या ओळींवर येतील. पूर्वी असा मसुदा मी प्रथम आपल्या मुद्रितशोधकांच्या टेबलावर ठेवीत असे. ते नोकरी सोडून गेल्यापासून सारे डोळे माझेच. ही पुरवणी माझी अखेरची. तीत एकही चूक राहणार नाही, असे मी मंडळाला लिहून दिले आहे.

तुझा,
मामा

१४ जून

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

दुजोरा नाही. तुमच्या व्याख्येत मोटार पळवणारा बसतो, भिंतींवरून उड्या मारणारा बसतो, चेंडूला लाथ मारणाराही बसतो. तेही कुणीतरी 'होतात'च की. अशानं जगातले निम्मे गेम भूमिकाप्रधान ठरतील. शब्द मात्र झकास आहे. आमच्या ऑफिसात फळ्यावर लिहून ठेवलाय. कुणालाच उच्चारता येत नाही.

तुम्ही मला विचारलंत, याचा आनंद किती झाला ते लिहीत नाही, कारण तुम्ही विशेषणं मोजता. पण एक सांगते. मी आज खेळातल्या माणसांचे संवाद लिहिते, ते शिकले तुमच्या कार्यालयातच. शाळा सुटली की मी तिथे येऊन बसायची. तुम्ही एका वाक्यावर तासभर अडून बसायचात आणि प्रूफकाका पलीकडच्या टेबलावरून समासात पेन्सिलीनं हळूच प्रश्नचिन्ह काढायचे. विषारी अळंबीच्या चित्राखाली 'खाण्यास योग्य' छापलं गेलं, ते त्यांच्या नजरचुकीनं, असं तुम्ही मंडळाला कळवलंत. आणि बावीस वर्षांची नोकरी सोडून ते गेले. एवढंच मला ठाऊक आहे. सातव्या खंडाचं नाव निघालं, म्हणून आठवलं.

दुसरी व्याख्या पाठवा. आणि मामा, एकही गेम न खेळता व्याख्या करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

तुमची,
शंकेखोर

२३ जून

चि. शंकेखोर,
आशीर्वाद.

तुझ्या पत्रात नऊ विधाने आहेत. सहा मान्य, दोन ढिसाळ, एक बोचरे. शेळ्या हाकण्यासाठी उंटावरून उतरावेच लागते असे नाही; उंचीवरून कळप नीट दिसतो.

मी चार संदर्भग्रंथ चाळले. त्यांवरून दुसरा मसुदा : 'ज्यात पात्राचे बळ, कौशल्य, अनुभव इत्यादी गुण अंकांत मोजले जातात व खेळ पुढे जाईल तसे वाढतात, तो.' हे मोजता येते, म्हणून तपासता येते. एका ग्रंथकाराने 'खेळाडूला निवड असते' अशी पुस्ती जोडली आहे. मला ती अनावश्यक वाटते. निवड कोणत्या खेळात नसते?

मुद्रितशोधकांविषयी : तो विषय मंडळाने नऊ वर्षांपूर्वी बंद केला आहे.

मामा

३ जुलै

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

आकडे हे हाडं आहेत, माणूस नव्हे. आता तर चेंडूफळीच्या गेममधल्या खेळाडूंनाही गुण असतात आणि ते वाढतात. पण आकडे मुळात आले का, ते ऐका. हे खेळ कॉम्प्युटरच्या आधी टेबलाभोवती बसून खेळायचे : कागद, पेन्सिल, फासे आणि चार-पाच माणसं. एक जण जग चालवायचा, बाकीचे त्या जगात कुणीतरी व्हायचे. आकडे होते ते एवढ्यासाठी, की जमेल की नाही हे तुमच्या बोटांवर नव्हे, तुमच्या पात्रावर ठरावं. माझे हात थरथरत असले तरी माझा शल्यवैद्य निष्णात असू शकतो. आणि मी कितीही हुशार असले तरी माझा शल्यवैद्य बावळट असू शकतो! गाडी पळवायच्या गेममध्ये हे होत नाही. तिथे तुम्हीच चांगले किंवा तुम्हीच वाईट.

राहिली निवड. कॉलेजात आम्ही पाच जणी दर शनिवारी दुपारी असं खेळायचो. मी एक भित्रा वैद्य झाले होते. एकदा दरोडेखोर आले आणि माझा वैद्य घायाळांना टाकून पळाला. मजा आली, सगळ्या हसलो. पुढच्या शनिवारी खेळात एका खेडुताचं पोर तापानं फणफणलेलं. माझा वैद्य दाराशी गेला, तर तो खेडूत म्हणाला, "तुम्ही नको. तुम्ही पळणारे." मैत्रीणच बोलत होती, समोर बसून, हातात चहाचा कप घेऊन. पण माझा चेहरा खरोखर उतरला. निवड सगळ्याच खेळांत असते, मामा. ती लक्षात ठेवणारं जग सगळ्या खेळांत नसतं.

सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये आमचा नवा गेम आहे. तुम्ही एका धरणावरचे दरवाजे-निरीक्षक. तलवार नाही, राक्षस नाही. पाणी, माणसं आणि कामाची नोंदवही. आमचा भागीदार म्हणतो, याला रोल-प्लेइंग म्हणून कुणी घेणार नाही. तुम्ही खेळा आणि सांगा. ही चाचणीची प्रत आहे, तेव्हा सोबतचं सूचनापत्रक आधी वाचा.

तुमची,
शंकेखोर

१६ जुलै

चि. शंकेखोर,
आशीर्वाद.

खालच्या मजल्यावरील दंतवैद्यबाईंनी खेळ सुरू करून दिला. माउस माझे ऐकेना, तेव्हा मी तो सदोष असल्याचे सांगितले. त्या म्हणाल्या, "आजोबा, नाचता येईना अंगण वाकडं! उलटा धरलाय तुम्ही." दात काढणाऱ्यांना जीभ फार असते.

रोज न्याहारीनंतर दोन तास याप्रमाणे अकरा दिवसांत खेळ पूर्ण केला. माझा निरीक्षक निष्कलंक निवृत्त झाला : 'नेमकेपणा' शंभरापैकी शंभर, 'धीर' ब्याण्णव, 'विश्वास' शहाण्णव. अभिप्राय मागितलास म्हणून सांगतो. पाण्याचा आवाज उत्तम. अभियंतीणबाईंचे संवाद खरे वाटतात. गोदामवाल्याचे तीन विनोद शिळे आहेत.

चौथ्या दरवाज्याच्या प्रसंगाचे लेखन मात्र सदोष आहे. निरीक्षक चुकीचा आकडा सांगतो, दरवाज्याचे चाक फिरवणारा म्हातारा चाकवाला त्याबरहुकूम दरवाजा उघडतो आणि खालच्या वस्तीत पाणी शिरते. नोंदवहीत कारण लिहिण्यास तीन पर्याय दिले आहेत : 'माझी चूक', 'चाकवाल्याची चूक', 'यंत्रातील बिघाड'. तिन्हींमुळे कोणाचे ना कोणाचे नुकसान होते. जेथे बरोबर उत्तर ठेवलेलेच नाही, ती परीक्षा नव्हे. हा प्रसंग दुरुस्त करावा किंवा वगळावा.

तुझा 'लक्षात ठेवणाऱ्या जगा'चा मुद्दा ग्राह्य धरला आहे. तिसरा मसुदा लिहीत आहे.

मामा

२२ जुलै

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही सूचनापत्रक वाचलं नाहीत. (तुम्ही! सूचनापत्रक! हे मी चौकटीत घालून भिंतीवर लावणार आहे.) त्यात लिहिलंय, की चाचणीच्या प्रतीतली प्रत्येक कृती आमच्याकडे नोंदली जाते. इतर खेळाडूंच्या नोंदींबरोबर तुमचीही माझ्यासमोर आली. आधी तुमचीच उघडली, हे कबूल करते.

खेळात मागे जाऊन प्रसंग पुन्हा खेळायची सोय आहे. तुम्ही ती सगळीकडे वापरलीत, दर प्रसंगी दोनदा-तीनदा. त्याचं नवल नाही. पण चौथ्या दरवाज्यापाशी तुम्ही सव्वीस वेळा मागे गेलात. चार सकाळी त्यात घातल्यात. तेवीस वेळा 'चाकवाल्याची चूक' लिहिलंत, मग तो निघून जाताना पाहिलात आणि मागे आलात. दोनदा 'यंत्रातील बिघाड'. 'माझी चूक' फक्त एकदा, सगळ्यात शेवटी; आणि पान उलटायच्या आत तेही पुसून मागे आलात. शेवटी प्रसंगच टाळून पुढे गेलात. ती पळवाट आम्ही बुजवायची विसरलो होतो, त्याबद्दल आभार.

परीक्षार्थी म्हणून खेळलात, मामा. उत्तरपत्रिका खोडत बसलात. भूमिका खोडता येत नाही. पदरी पडलं पवित्र झालं, असं म्हणून ती पुढे न्यावी लागते. एकदा मागे न जाता खेळून बघाल? आणि एक विचारू का? त्याच प्रसंगाला सव्वीस वेळा का?

रागावू नका. तुम्ही मला लहानपणी म्हणाला होतात, ज्या प्रश्नाला उत्तर येत नाही तोच नोंदीचा खरा विषय असतो. त्या एका वाक्यावर मी पोट भरते आहे.

तुमची,
शंकेखोर

१९ ऑगस्ट

चि. शंकेखोर,
आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाल्यावर प्रथम मी एक उत्तर लिहिले. त्यात पाळत, शिष्टाचार आणि तुझ्या आईने तुला लावलेले वळण यांवर तीन परिच्छेद होते. ते उत्तर फाडले. नंतर तुझा खेळ पुन्हा पहिल्यापासून खेळलो; मागे एकदाही गेलो नाही. चौथ्या दरवाज्यापाशी 'चाकवाल्याची चूक' असे लिहिले आणि पुढे गेलो. चाकवाला गेला. त्याच्या जागी आलेला नवा माणूस माझा प्रत्येक हुकूम निमूटपणे पाळू लागला. जुन्या चाकवाल्यासारखे एकदाही त्याने "साहेब, खात्री आहे ना?" असे विचारले नाही. माझा 'नेमकेपणा' शंभरच राहिला. तीन प्रसंगांनंतर आणखी एक दरवाजा चुकला.

आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर. हे मी आजवर कोणासही सांगितलेले नाही.

अळंबीच्या चित्रांची चूक मुद्रितशोधकांची नव्हती. चार वर्षांपूर्वी कार्यालयातील कपाट आवरताना सातव्या खंडाचे अखेरचे मुद्रित हाती लागले. चित्रांखालच्या दोन ओळींची अदलाबदल करणारा बाण त्यावर आहे. लाल शाईचा. लाल शाई कार्यालयात एकटा मी वापरीत असे. ओळी मुळात बरोबर होत्या. मी त्या 'सुधारल्या'. मंडळाने कारण विचारले तेव्हा मी कागद न पाहताच मुद्रितशोधकांकडे बोट दाखवले होते, कारण माझ्या हातून चूक होणे मला संभवनीयच वाटले नाही. ते अज्ञान होते असे म्हणता येईल. कागद सापडल्यानंतरच्या चार वर्षांविषयी तसे म्हणता येत नाही.

पुनर्मुद्रणाची प्रस्तावना पंधरा सप्टेंबरला जायची आहे. तीत दोन ओळी घालून मोकळे व्हावे, असे मनात आहे. तुझे मत कळव.

मामा

२७ ऑगस्ट

मामा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. आधी राग आला. तो गेलाय असं लिहिलं तर खोटं ठरेल, म्हणून लिहीत नाही.

प्रस्तावनेला माझी हरकत नाही, पण ती दुसरी पायरी. प्रस्तावना वाचकांसाठी असते. वाचकांवर तुम्ही खापर फोडलं नव्हतं. आधी प्रूफकाकांना लिहा, आणि तो लाल बाणाचा कागदही पाठवा. ते काय म्हणतील मला माहीत नाही. कदाचित उत्तरच देणार नाहीत, कदाचित नको ते ऐकवतील. इथे मागे जायची सोय नाही. पंधरा तारखेला आता एकोणीस दिवस आहेत.

आणि हे मला सांगितल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या गेममुळे कुणी काही मिळवेल, जिंकेल, असं वाटायचं. कुणी काही कबूल करेल, असं कधी वाटलं नव्हतं.

तुमची,
शंकेखोर

५ सप्टेंबर

मा. संपादकसाहेब,
सप्रेम नमस्कार.

आपले पत्र पोहोचले. सोबतचे जुने मुद्रितही मिळाले. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, तेव्हा भिंग लावून दोन बैठकांत वाचले.

आपण लिहिता, की चूक सर्वस्वी आपली होती. हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही, म्हणून तपासून परत पाठवीत आहे.

हे पान माझ्या टेबलावर आले तेव्हा शाई ओली होती. बाण मी पाहिला. काळ्या टोपीची अळंबी विषारी, हे मला लहानपणापासून ठाऊक. आईने ती टोपलीतून उचलून फेकताना पाहिलेली आहे. समासात प्रश्नचिन्ह काढण्यासाठी पेन्सिल उचललीही होती. पण त्याच्या आदल्या आठवड्यात मी सोळा पानांच्या एका फर्म्यावर अकरा प्रश्नचिन्हे काढली, तेव्हा आपण माझ्या टेबलापाशी येऊन सर्वांसमोर म्हणालात, "तुम्हाला इथं अक्षरं तपासायला ठेवलंय, अक्कल पाजळायला नव्हे." आपल्याला आठवत नसेल. मग मी त्या पानावरची अक्षरे तपासली. अक्षरे बरोबर होती. पेन्सिल खाली ठेवली.

पुढे माझ्यावर आळ आला तेव्हा मी भांडलो नाही. लोकांना तो मोठेपणा वाटला. तसे काही नव्हते. सर्वस्वी निर्दोष असतो तर कडाकडा भांडलो असतो. एखाद्या मुलाने ती अळंबी खाल्ली असती तर, हा विचार करीत मी नऊ वर्षे काढली, आणि घरात कोणाला सांगितले नाही. आपले पत्र आल्यावर काल मुलीला सांगितले. तिने ताट वाढले आणि म्हणाली, "बाबा, जेवून घ्या आता." बऱ्याच दिवसांनी चवीने जेवलो. त्याबद्दल आपले आभार मानतो. मानायलाच हवेत.

प्रस्तावनेत उल्लेख करायचा तर दोघांची चूक म्हणून करावा.

आपला,
माजी मुद्रितशोधक

१३ सप्टेंबर

चि. शंकेखोर,
अनेक आशीर्वाद.

मुद्रितशोधकांच्या पत्राची नक्कल सोबत आहे. आधी ती वाच, मग हे.

ते वाक्य मी उच्चारले होते. पत्र वाचताक्षणी आठवले. त्यांच्या टेबलावरची पाण्याची बाटलीसुद्धा आठवली. इतकी वर्षे मला वाटत होते, की माझ्या हातून एक चूक झाली आणि एक अन्याय झाला. प्रत्यक्षात चूक पकडणारा माणूस माझ्यासमोर बसला होता, आणि त्याचे तोंड मीच बंद केले होते. तुझ्या खेळातील तो निमूट नवा चाकवाला मी कुठे पाहिला होता, ते मला कळले.

काल त्यांच्या घरी गेलो. दार त्यांच्या लेकीने उघडले. ती मला ओळखीत होती, आणि ते लपवण्याचा प्रयत्न तिने केला नाही. "या. पण त्यांना दमवू नका," एवढेच म्हणाली. ते खिडकीशी बसले होते. माफीची जी वाक्ये मी वाटेत रचली होती, त्यांतील पहिल्याच वाक्याच्या मध्यावर त्यांनी हात वर केला. "साहेब, ते पत्रात आलंय. पुन्हा नको, पाल्हाळ होतं." नंतर आम्ही तासभर प्रस्तावनेतील दोन ओळींवरून भांडलो. त्यांना 'दोघांची चूक' हवे होते, मला ते मान्य नव्हते. अखेरीस असे ठरले : 'सातव्या खंडाच्या प्रथमावृत्तीत अळंबीच्या चित्रांविषयी झालेली चूक संपादकाच्या हातची होती. ती मुद्रितशोधकांना दिसली होती; परंतु दिसलेले सांगण्याची सोय संपादकाने ठेवली नव्हती.' दुसऱ्या वाक्यातील 'परंतु' काढावे, असे त्यांचे म्हणणे होते. मी ते राहू दिले. पूर्वीही आम्ही अशाच गोष्टींवरून भांडत असू. अशी दुपार पुन्हा मिळेल, असे मला वाटले नव्हते. ती तुझ्यामुळे मिळाली. मी आभार क्वचित मानतो, म्हणून ते कसे मानतात हे मला नीट अवगत नाही. पण हे पत्र पुन्हा वाचशील तेव्हा प्रत्येक परिच्छेदात ते आहेत असे समज.

निघण्यापूर्वी पिशवीतून खेळाच्या नोंदीचा मसुदा काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी भिंग घेतले आणि मोठ्याने वाचले :

'भूमिकाप्रधान खेळ : व्हिडिओ गेमचा एक प्रकार. यात खेळाडू स्वतःहून निराळ्या व्यक्तीच्या वतीने निर्णय घेतो. ते तडीस जाणे खेळाडूच्या हस्तकौशल्यापेक्षा त्या व्यक्तीच्या वाढत्या-घटत्या गुणांवर अवलंबून असते. आणि घेतलेला निर्णय खेळातील जग विसरत नाही.'

"शेवटचं कलम कुणाचं?" त्यांनी विचारले.

"भाचीचं."

"ती समासातली प्रश्नचिन्हं मोजत बसायची, तीच ना? पोरगी वाया गेली नाही म्हणायची." मग त्यांनी मसुदा पुन्हा पहिल्यापासून वाचला. टेबलावर पेन्सिल होती. ती त्यांनी उचलली, माझ्याकडे पाहिले आणि थांबले. मी कागदाची कड धरून ठेवली. त्यांनी समासात प्रश्नचिन्ह काढले.

"साहेब, जग विसरत नाही, ठीक. पण निर्णय चुकला, तर मग खेळाडूनं करायचं काय? वाचक हे विचारणार. नोंदीत त्याचं उत्तर नाही."

"तुम्हीच लिहा," मी म्हणालो.

त्यांनी सावकाश, टपोऱ्या अक्षरांत लिहिले : 'चूक झाल्यावरही खेळ चालू राहतो.' मी त्यापुढे 'किंबहुना तेथूनच तो खऱ्या अर्थाने सुरू होतो' असे जोडावे म्हणून लेखणी काढली. त्यांनी माझा हात धरला.

"भाषण नको, साहेब. वाक्य पुरं झालंय."

नोंद आज, मुदतीच्या दोन दिवस आधीच, छपाईस गेली. तिच्याखाली आम्हा दोघांची आद्याक्षरे आहेत, आणि मुद्रित तपासणीसाठी त्यांच्याकडे जाणार आहे.

तुझा,
मामा